प्रयोगाचा खर्च कोणी उचलायचा?

जून 1969. बीबीसीच्या ‘टॉप गिअर’ या रेडिओ कार्यक्रमासाठी सॉफ्ट मशीन या बँडचं ध्वनिमुद्रण होतं. ड्रम वाजवता वाजवता गाणाऱ्या रॉबर्ट वायटने आपल्या एका लांबलचक गाण्याचे शब्द त्या खेपेपुरते बदलले. मूळ गाण्यात परदेशात दाटून आलेली घरची आठवण होती. बदललेल्या शब्दांत त्याने थेट बीबीसीबद्दलच सांगितलं: इथे वाजवायला छान वाटतं, जॅझवाले किंवा रेडिओ थ्रीवरचा वाद्यवृंद वाजवतो जवळपास तितका वेळ आणि तितक्याच मोठ्याने आम्हालाही वाजवू देतात, आणि चहाचं मशीन तर इथेच, कॉरिडॉरमध्ये थोडं पुढे आहे.

वेगळं संगीत कशावर उभं राहतं, याचा इतका सरळ हिशेब कुठल्याही सांस्कृतिक धोरणाच्या मसुद्यात मला सापडलेला नाही. भरपूर वेळ, मोठ्याने वाजवायची मुभा आणि मधल्या वेळात चहा. या तिन्हींचे पैसे ब्रिटनमधल्या सामान्य माणसाने बीबीसीसाठीच्या परवाना शुल्कातून भरले होते. त्यातल्या बहुतेकांनी सॉफ्ट मशीनचं नावही ऐकलं नसेल.

कलेवरच्या सार्वजनिक खर्चाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं. ज्याच्यात दम आहे तो आपली वाट काढतोच. मूठभरांनी ऐकायच्या संगीतासाठी सगळ्यांच्या खिशात हात कशाला घालायचा? ब्रिटनमध्ये गेली पंधराएक वर्षं याच विचाराने कात्री चालते आहे. हे वाक्य चूक आहे असं माझं ठाम मत आहे, आणि ते का चूक आहे हे सॉफ्ट मशीनच्या पहिल्या पाच वर्षांतून जितकं स्वच्छ दिसतं तितकं फार थोड्या उदाहरणांतून दिसतं.

बँड 1966 साली कँटरबरीत उभा राहिला. वायट, ऑर्गनवादक माइक रॅटलेज आणि पुढे बास गिटार सांभाळणारा ह्यू हॉपर हे तिघेही तिथल्या सायमन लँग्टन या सरकारी ग्रामर स्कूलचे विद्यार्थी. तिथे फी नव्हती. रॅटलेज पुढे ऑक्सफर्डला मानसशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकला. 1962च्या शिक्षण कायद्याने पदवीच्या विद्यार्थ्यांची फी आणि राहण्याखाण्याचं अनुदान देणं स्थानिक शिक्षण विभागांवर बंधनकारक केलं होतं. कर्ज डोक्यावर नसलेला बावीस वर्षांचा पदवीधर दोन-तीन वर्षं बिनपगारी ऑर्गन बडवत बसू शकतो. कर्ज असलेल्याला नोकरी धरावी लागते. इंग्लंडमध्ये 1998 साली विद्यापीठाची वार्षिक फी 1000 पौंड झाली आणि 2012पासून 9000 पौंडांपर्यंत गेली. त्या काळात किती रॅटलेज पहिल्या पगाराच्या मागे गेले, हे कुठल्याच खतावणीत लिहिलेलं नसतं.

त्यांचं वादन कसं होतं, हे थोडं जवळून सांगायला हवं, नाहीतर एवढा खटाटोप कशासाठी ते कळणार नाही. रॅटलेजचा ऑर्गन लॉरी कंपनीचा, घरच्या दिवाणखान्यात वाजवायला बनवलेला. तो त्याने फझच्या, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करणाऱ्या, पेटीतून काढून मोठ्या ॲम्प्लिफायरला जोडला. आवाज गिटारसारखा खरखरीत आणि टोकदार झाला, पण एक अडचण उभी राहिली. बोटं पट्ट्यांवरून उचलली की फीडबॅकची किंकाळी सुरू व्हायची. म्हणून त्याला थांबताच येत नसे. एक सूर सोडायच्या आत दुसरा धरावा लागे. श्वास घ्यायलाही जागा न सोडणाऱ्या त्याच्या त्या लांबच लांब ताना अशा घडल्या. खाली हॉपरचा बास, तोही फझमधून काढलेला, सात किंवा नऊ मात्रांचं आवर्तन न कंटाळता घोळवत राहतो. त्यावर वायटचे ड्रम कधी ठेक्याला चिकटून तर कधी ठेका मोडून चालतात. 1969च्या अखेरीला एल्टन डीनचा सॅक्सोफोन आला (एल्टन जॉनने आपल्या नावातलं ‘एल्टन’ घेतलं ते याच्याकडून) आणि जॅझमधली उपज त्या रॉकच्या गजरात पूर्ण मिसळली. ‘थर्ड’ ही त्यांची 1970ची दुहेरी एलपी. चार बाजू, चार रचना. एकीचीही लांबी रेडिओवरच्या गाण्याच्या मापात बसणारी नाही.

ही भाषा खोलीत बसून एकदम सुचत नाही. ती शेकडो तास चुकीचं वाजवून सापडते. ते तास कोणी पुरवले, हा माझा प्रश्न आहे.

एक मोठा वाटा बीबीसीचा होता, आणि त्यामागचं कारण फार कमी जणांना ठाऊक असतं. त्या वेळी रेकॉर्ड कंपन्या आणि वादकांची संघटना यांच्याशी बीबीसीचा करार होता. दिवसात तबकड्या किती वेळ वाजवायच्या यावर त्याने मर्यादा घातली होती. कारण साधं: सगळंच तबकडीवरून वाजू लागलं तर वादकांची पोटं कशावर भरणार? उरलेली वेळ बीबीसीला वादक बोलावूनच भरावी लागे. म्हणून स्टुडिओत सेशन, म्हणजे खास रेडिओसाठीची ध्वनिमुद्रणं, होत. बीबीसीचा निवेदक जॉन पील याच्या कार्यक्रमांसाठी त्याच्या हयातीत अशी 4000हून अधिक सेशन झाली. हे कुठलंही कलाविषयक धोरण नव्हतं. कामगारांच्या हिताची ती एक अट होती. तिने एका पिढीच्या अनोळखी बँडांना स्टुडिओ, मानधन आणि देशभरचे कान मिळवून दिले. 1988मध्ये ती मर्यादा उठली.

सार्वजनिक मदतीला विरोध करणाऱ्यांना वाटतं की मदत म्हणजे समिती, समिती म्हणजे अभिरुचीची दादागिरी. तबकड्यांच्या त्या मर्यादेला कसलीही अभिरुची नव्हती. वादकांना काम मिळायला हवं, एवढंच तिचं म्हणणं होतं. काय वाजवायचं ते वादकांनी ठरवलं.

‘थर्ड’मधली पहिली रचना ‘फेसलिफ्ट’ घ्या. 4 जानेवारी 1970 रोजी क्रॉयडनच्या फेअरफील्ड हॉल्समध्ये आणि त्याच महिन्यात बर्मिंगहॅमच्या मदर्स क्लबमध्ये झालेल्या कार्यक्रमांच्या टेपा कापून, जोडून ती बनली आहे. फेअरफील्ड हॉल्स हे क्रॉयडनच्या पालिकेचं सभागृह, 1962 साली सुरू झालेलं. तिथे सिंफनी होत, नाताळात पँटोमाइम, म्हणजे मुलांसाठीचं विनोदी नाटक, होई आणि कुस्त्याही रंगत. मदर्स हा खासगी क्लब होता, फर्निचरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावरचा. त्याच्या रसिकतेबद्दल मला आदरच आहे. पण तो 1971च्या सुरुवातीलाच बंद पडला.

ज्या करदात्याला हे संगीत नको आहे त्याने पैसे का द्यावेत, याचं उत्तर त्या क्रॉयडनच्या हॉलात आहे. कुस्तीचा शौकीन आणि फझ ऑर्गनचा शौकीन एकाच छपराचा खर्च वाटून घेत होते. हॉल कुस्तीसाठी नव्हता आणि सॉफ्ट मशीनसाठीही नव्हता, गावासाठी होता. कुस्तीवाल्याकडून प्रयोगासाठी कोणी वेगळी वर्गणी काढली नाही, आणि वायटच्या चाहत्यांनीही पँटोमाइमचा हिशेब मागितला नाही. सार्वजनिक सोय अशीच असते. दर माणशी, दर संध्याकाळी नफा काढायचं ठरवलं की आधी प्रयोग बाहेर पडतो, मग शाळेची मुलं, आणि शेवटी ज्यांची तिकिटं नक्की खपतात तेवढेच उरतात.

त्याच वर्षी 13 ऑगस्टला सॉफ्ट मशीनने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बीबीसीच्या प्रॉम्स या पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या महोत्सवात वाजवलं. तिथे रॉक बँडला प्रवेश मिळाल्याची ती पहिली वेळ. रात्री उशिराच्या त्या कार्यक्रमात त्यांना आणलं टिम सॉस्टर या तरुण संगीतकाराने. त्याची स्वतःची आणि टेरी रायलीची रचनाही त्याच रात्री होती. वायटने पुढे सांगितलेली त्या रात्रीची हकिकत प्रसिद्ध आहे. वाजवण्याआधी तो मागच्या दाराने सिगारेट ओढायला बाहेर गेला आणि दारवान त्याला परत आत सोडेना. मला आत वाजवायचं आहे म्हटल्यावर उत्तर आलं, इथे फक्त खरं संगीत असतं. या हकिकतीत संस्थेचे दोन्ही चेहरे आहेत. तीच संस्था दार अडवत होती आणि तीच बोलावत होती. संस्था उदार असतात असं माझं म्हणणं नाही. तिथे एखाद्या सॉस्टरला निर्णय घ्यायला जागा होती, एवढं पुरेसं ठरलं.

आता दुसरी बाजू. सॉफ्ट मशीनच्या ‘थर्ड’पासूनच्या रेकॉर्ड सीबीएस या बड्या कंपनीने काढल्या, आणि 1968मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर ते प्रसिद्ध गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या आधी मंचावर उतरत. हे दोन्ही बाजाराने दिलं, नाकारायचं कारण नाही. साठीच्या दशकाच्या शेवटी तरुणांना काय आवडेल हे रेकॉर्ड कंपन्यांना उमगत नव्हतं, म्हणून त्या चहूकडे पैसे लावत होत्या. पण ही उदारता त्यांच्या गोंधळातून आली होती. गोंधळ संपला तशी तीही संपली.

हेन्री काउ या बँडचं काय झालं ते पाहा. 1968मध्ये केंब्रिज विद्यापीठात फ्रेड फ्रिथ आणि टिम हॉजकिन्सन यांनी तो सुरू केला. पुढे ड्रमवर क्रिस कटलर आला, ‘बसून’ हे वाद्यवृंदातलं फुंकवाद्य रॉकमध्ये आणणारी लिंडसे कूपर आली, गायिका डाग्मार क्राउझे आली, चेलो घेऊन जॉर्जिना बॉर्न आली. काटेकोर लिहिलेलं संगीत आणि पूर्ण मोकळी उपज एकाच मैफिलीत, मध्ये सांधा न दाखवता वाजवणं ही त्यांची खासियत. सॉफ्ट मशीनपेक्षा मला हेन्री काउ जास्त धाडसी वाटतो, आणि ऐकायला अवघडही. 1973मध्ये व्हर्जिन या रेकॉर्ड कंपनीने त्यांना करारात घेतलं. ही नवी कंपनी माइक ओल्डफिल्डच्या पहिल्याच रेकॉर्डवर मालामाल झाली होती, त्यामुळे हेन्री काउसारखे बँड तिला परवडत होते. काही वर्षांत व्हर्जिनचं लक्ष दुसरीकडे वळलं. 1977मध्ये तिने सेक्स पिस्टल्स या पंक बँडला घेतलं. तोवर हेन्री काउ बहुतेक काळ युरोपातच हिंडत होता. इटलीत डाव्या पक्षांच्या उत्सवांत, भर चौकात, हजारो लोकांसमोर त्यांनी वाजवलं. मायदेशात मात्र त्यांचा जम बसला नाही. मार्च 1978मध्ये लंडनच्या न्यू लंडन थिएटरमध्ये त्यांनी बेल्जियम, फ्रान्स, स्वीडन आणि इटलीतल्या समविचारी बँडांना बोलावून ‘रॉक इन ऑपोझिशन’ हा महोत्सव भरवला. रेकॉर्ड कंपन्यांनी तुमच्यापर्यंत पोचू न दिलेलं संगीत, अशी त्याची घोषणा होती. त्याच वर्षी बँड विसर्जित झाला. बाजाराने त्यांना बळ दिलं पाच वर्षंही नाही. बॉर्न पुढे संगीत आणि मानववंशशास्त्राची प्राध्यापक झाली, फ्रिथ आणि कटलर जगभर वाजवत राहिले. म्हणजे माणसं कच्ची नव्हती.

खासगी औदार्याचंही असंच. रॉनी स्कॉटने 1965मध्ये आपला जॅझ क्लब नव्या जागी हलवला तेव्हा जेरार्ड स्ट्रीटवरच्या जुन्या तळघराचा भाडेकरार संपायला अवकाश होता. ते तळघर त्याने तरुण वादकांना वापरायला दिलं. वर्णद्वेषी राजवटीतून निसटून आलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या ब्लू नोट्स या जॅझ बँडचे वादक तिथे वाजवत, लंडनचे नवे जॅझवाले तिथे त्यांच्यासमोर तावून निघत. लंडनच्या संगीतात त्या तळघराइतकी मोलाची जागा त्या दशकात दुसरी झाली नसेल. 1968मध्ये करार संपला आणि जागा गेली. रॉनी स्कॉटच्या मनाच्या मोठेपणात काही कमी नव्हतं; भाडेकरारालाच मुदत होती.

याच्या शेजारी वेल्समधल्या बॅरी गावचं उन्हाळी जॅझ शिबिर ठेवून बघा. ब्रिस्टलचा पियानोवादक कीथ टिपेट तिथे एल्टन डीन, मार्क चॅरिग आणि निक एव्हान्स यांना भेटला. त्या ओळखीतून त्याचा गट बनला. त्यातले तिघे पुढे सॉफ्ट मशीनमध्ये वाजवायला गेले, टिपेट स्वतः किंग क्रिमसन या रॉक बँडच्या रेकॉर्डवर वाजवून आला, आणि मग त्याने सेंटिपीड नावाचा 50 जणांचा ताफा उभा केला. त्यात जॅझवाले, रॉकवाले आणि शास्त्रीय व्हायोलिनवादक एकत्र होते. उन्हाळ्यातल्या एका शिबिराने जुळवलेली माणसं एका दशकाच्या संगीतात पसरली. आपल्याकडे जॉन मॅक्लॉफ्लिन माहीत झाला तो झाकीर हुसेन यांच्याबरोबरच्या ‘शक्ती’मुळे, तोही याच लंडनमध्ये, याच वादकांच्या संगतीत घडून मग अमेरिकेला गेला.

आणि वायट? 1971मध्ये तो सॉफ्ट मशीनमधून बाहेर पडला. त्याचं गाणं इतरांना नको झालं होतं. (त्यानंतरचा सॉफ्ट मशीन जास्त सफाईदार आणि माझ्या मते बराच कोरडा आहे.) 1 जून 1973 रोजी एका पार्टीत तो खिडकीतून खाली पडला आणि कमरेखालचं शरीर कायमचं लुळं झालं. स्टोक मँडेव्हिल या सरकारी आरोग्यसेवेच्या रुग्णालयात तो अनेक महिने होता. तिथे एक पियानो होता. पुढच्या वर्षी आलेल्या ‘रॉक बॉटम’चं बरंचसं काम त्याने त्या पियानोवर केलं. मित्रांनीही हात दिला. पिंक फ्लॉइड आणि सॉफ्ट मशीनने त्याच्यासाठी कार्यक्रम करून 10,000 पौंड जमवले. ते अतिशय सुंदर झालं. पण उपचारांचं बिल त्या पैशांवर अवलंबून नव्हतं, हेही तितकंच खरं. बिल नव्हतंच.

सार्वजनिक पैसा वाया जातो या आक्षेपाला उत्तर देताना मला पुन्हा क्रॉयडनलाच जावं लागतं. फेअरफील्ड हॉल्सच्या नूतनीकरणाचा खर्च ठरल्यापेक्षा दुपटीहून वर गेला, आणि नोव्हेंबर 2020मध्ये क्रॉयडन पालिकेला खर्च झेपत नाही असं कायदेशीररीत्या जाहीर करावं लागलं. हा गलथानपणा अक्षम्य आहे. पण त्याच क्रॉयडनमध्ये 1991पासून ब्रिट स्कूल ही सरकारी पैशावर आणि रेकॉर्ड उद्योगाच्या मदतीवर चालणारी, फी न घेणारी शाळा आहे. ब्लॅक मिडी या बँडचे चारही मूळ सदस्य तिथले. त्यांची 2019ची पहिली रेकॉर्ड ऐकताना सॉफ्ट मशीन आणि हेन्री काउ यांचा वंश चालू आहे हे कळतं: आधी तासन्‌तास नुसतं मिळून वाजवायचं आणि मग त्यातून रचना कोरून काढायची. ड्रमवर मॉर्गन सिंप्सन जे करतो ते वर्षानुवर्षांच्या शिकवणीशिवाय होत नाही. ब्रिक्स्टनमधल्या विंडमिल या लहानशा पबने त्यांना मंच दिला. शाळा सार्वजनिक, पब खासगी, दोन्ही लागले.

असे पब आणि क्लब आता झपाट्याने मिटत आहेत. लहान ठिकाणांसाठी काम करणाऱ्या म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट या संस्थेच्या नोंदीप्रमाणे एकट्या 2023मध्ये ब्रिटनने अशी 125 ठिकाणं गमावली. ज्या गाण्याला वर्षात 1000 वेळाही कोणी ऐकत नाही त्याला 2024पासून स्पॉटिफाय छदामही देत नाही. ब्रेक्झिटनंतर ब्रिटिश वादकाला युरोपात 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, वर वाद्यांचे आणि गाड्यांचे कागद निराळे. हेन्री काउला तगवणारी वाटही अशी आवळली गेली. 2023मध्ये एझ्रा कलेक्टिव्ह या लंडनच्या बँडने वर्षातल्या सर्वोत्तम रेकॉर्डचा मर्क्युरी पुरस्कार जिंकला. जॅझ बँडला तो मिळाल्याची ती पहिलीच वेळ. ड्रमवादक फेमी कोलेओसोने मंचावरून श्रेय दिलं ते तरुणांना वाजवायला शिकवण्यासाठी वेळ देणाऱ्या माणसांना, आणि ‘टुमॉरोज वॉरियर्स’सारख्या विनामूल्य शिकवणाऱ्या संस्थांना. पुरस्काराच्या टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या. त्या संस्थांचा निधी मात्र दरवर्षी नव्याने मागावा लागतो.

मग करायचं काय? मोठ्या स्टेडियमच्या प्रत्येक तिकिटामागे एक पौंड लहान ठिकाणांसाठी बाजूला काढावा, ही सूचना ब्रिटनमध्ये मान्य झाली आहे, पण ऐच्छिक म्हणून. 2025मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलने ती पाळायचं जाहीर केलं हे चांगलंच झालं. तरी ऐच्छिक पुरेसं नाही, कारण जो पाळत नाही तो पाळणाऱ्यापेक्षा फायद्यात राहतो. ती कायद्याने सक्तीची करावी. तो पैसा फक्त कार्यक्रमांवर खर्च न होता तालमीच्या खोल्यांवरही व्हावा, कारण श्रोते यायच्या आधीची दोन वर्षंच बँडला सर्वांत महाग पडतात. पालिकांच्या सभागृहांनी वर्षातल्या काही संध्याकाळी तिकिटविक्रीचा अंदाज न विचारता द्याव्यात. आणि बीबीसीने अनोळखी वादकांच्या सेशनचे किमान तास स्वतःवर बंधनकारक करून घ्यावेत, जसे ते कधीकाळी एका करारामुळे होते. कोणाला बोलवायचं ते एका समितीने ठरवू नये. प्रत्येक केंद्राच्या, प्रत्येक कार्यक्रमाच्या निर्मात्याने स्वतंत्रपणे ठरवावं, म्हणजे एकाने नाकारलेल्या बँडला दुसऱ्याकडे जाता येईल. त्यातले बरेच बँड साधारण निघतील. सॉफ्ट मशीनच्या वेळी सेशन वाजवून गेलेल्यांतलेही बरेच साधारणच होते, आणि त्यांनाही मानधन मिळालं होतं.